ओट्यावरचं कुंकू

नवा ओटा बसून दहा दिवस झाले होते. त्यावर अजून काहीच चोपडलेलं नव्हतं. मेण नाही, सीलर नाही, नुसतं उघडं राखाडी काँक्रीट. आई कांदा परतत होती. मिसळणाच्या डब्यातून हळद घेताना चमचा कलला आणि चिमूटभर हळद ओट्याच्या ओलसर भागावर पडली. फडकं शोधून आणेपर्यंत ती पिवळी राहिलीच नव्हती. कडेकडेने नारिंगी, मग विटकरी आणि मधोमध चक्क लाल. आई वाकून बघत म्हणाली, "अगं, याचं तर कुंकू झालं!"

ती गमतीने बोलली, पण रसायनशास्त्र तंतोतंत बरोबर होतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव कुंकवासाठी नावाजलेलं. जुन्या पद्धतीच्या कुंकवाचं मर्म एवढंच, की हळदीला चुन्याची संगत द्यायची. हळदीतलं कर्क्युमिन आंबटात पिवळं राहतं आणि अल्कली भेटली की लाल होतं. सदऱ्यावर वरण सांडतं, आपण घाईने साबण लावतो आणि डाग लाल होऊन आणखीच घाबरवतो, तोही हाच खेळ. तेव्हा ओट्यावर हळद लाल झाली याचा अर्थ सरळ होता. ओट्यात चुना होता, आणि भरपूर होता.

पण चुना मी घातलाच नव्हता. सिमेंट, वाळू, खडी, पाणी आणि माल पातळ करणारं एक औषध, एवढंच साहित्य. मग हा चुना आला कुठून?

त्यासाठी ओटा झाला कसा, ते आधी सांगायला हवं. काँक्रीटचे ओटे हे खूळ मुळात कॅलिफोर्नियातलं. १९८०च्या दशकात बर्कलीचे फू-तुंग चेंग, सॅन फ्रान्सिस्कोचे बडी ऱ्होड्स अशा मंडळींनी पूल-धरणांचा हा माल स्वयंपाकघरात आणला. ऱ्होड्स मूळचे सिरॅमिक्समधले, मातीत हात घातलेले. चेंग यांनी २००२ मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि तिकडच्या हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये ओटे ओतायला घेतले. आमच्याकडे गॅरेज नाही, पार्किंग आहे. शेजाऱ्यांची स्कूटर दोन आठवडे बाहेर उभी राहिली, त्याबद्दल त्यांना श्रीखंड पोचवलं.

आईला समजावताना मात्र कॅलिफोर्निया कामाचा नव्हता. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे ओट्यावर कोबा." याहून नेमकं कुणी सांगू शकत नाही. कोबा तिने आयुष्यभर पायाखाली पाहिलेला, लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत केलेला, उन्हाळ्याच्या दुपारी अंग टाकायला गार. ओट्याला मात्र तिला कडप्पाच हवा होता. कडप्पा हाही चुनखडीचाच दगड, शहाबादी फरशीचा काळा चुलतभाऊ. त्याचा संबंध पुढे लिंबापाशी येईल.

आमचा ओटा ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ इंच जाड. म्हणजे अवघे २ घनफूट. घमेल्यांच्या हिशोबात हे काहीच नाही. पण काँक्रीटचा एक घनमीटर सुमारे २४०० किलो भरतो. त्या मानाने आमचं हे पान १३५ किलोच्या आसपास जाणार होतं, म्हणून खालच्या कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या आधीच वाढवून घेतल्या.

साचा सनमायका लावलेल्या प्लायचा केला, आणि उलटा. म्हणजे ओट्याचा वरचा चेहरा साच्याच्या तळाशी. काँक्रीट जे शिवतं त्याची हुबेहूब नक्कल करतं. सनमायका गुळगुळीत असेल तर तेही गुळगुळीत, लाकडाची शीर असेल तर शिरेसकट. साच्याचे कोपरे सिलिकॉनने बुजवताना मी ते अंगठ्याने ओढून सारखं केलं होतं. आज ओट्याच्या पुढच्या कडेला, डाव्या हाताला, निरखून पाहिलं तर माझ्या अंगठ्याच्या रेषा दिसतात. आधार कार्डाच्या यंत्रावर तो अंगठा दर वेळी तीनदा दाबावा लागतो. काँक्रीटने पहिल्या फटक्यात घेतला.

मग पाण्यावरून मिस्त्रींशी वाद. मी तराजू मांडून बसले होते. सिमेंटच्या वजनाच्या ४० टक्के पाणी, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २० लिटर, त्यापुढे थेंब नाही. मिस्त्रींनी फावड्याने माल परतून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा चुरमा झाला. एक बादली तरी मारू द्या." त्यांचं चूक नव्हतं. माल हलत नसेल तर साच्यात भरणार कसा? पण सिमेंटला रासायनिक रीतीने बांधून घ्यायला स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याहूनही थोडं कमीच पाणी लागतं. थोडं आणखी त्याच्या बारीक छिद्रांत अडकून राहतं. त्यावरचं सगळं पाणी नंतर उडून जातं आणि आपली जागा रिकामी सोडून जातं. ती रिकामी जागा पुढे आमटी, तेल, चहा भरून काढतात. ओट्यावर पडणारे निम्मे डाग ओतायच्या दिवशीच, त्या जास्तीच्या बादलीतून पडलेले असतात.

तिढा सोडवला तो एका डब्यातल्या तपकिरी द्रवाने. सुपरप्लास्टिसायझर असं भारदस्त नाव, काम साधं. पाण्यात सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि पाणी पोटात अडकवून ठेवतात. हा द्रव कणांवर बसून त्यांना एकमेकांपासून दूर लोटतो, अडकलेलं पाणी सुटतं. दोन-तीन झाकणं टाकून मिस्त्रींनी दोन वेढे दिले आणि चुरम्याची बासुंदी झाली. मिस्त्रींनी फावडं उचलून धार बघितली, माझ्याकडे बघितलं आणि डब्यावरचं नाव फोनमध्ये टिपून घेतलं.

रबरी हातोड्याने साच्याला बाहेरून ठोकत राहिलो तेव्हा बुडबुडे वर यायला लागले, रटरटणाऱ्या पेजेसारखे. ते थांबेपर्यंत ठोकायचं. मग वर गोणपाट, त्यावर प्लास्टिक.

आता त्या साच्यात काय चाललं होतं, ते खरं ऐकण्यासारखं आहे.

सिमेंट म्हणजे दळलेला दगड नव्हे. चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सियसला भाजली की निसर्गात सहसा न सापडणारे क्षार तयार होतात. त्याचे काळसर गोटे निघतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. ते थोड्या जिप्समबरोबर दळले की सिमेंट. लीड्सच्या जोसेफ अॅस्पडिन या गवंड्याने १८२४ मध्ये पेटंट घेताना त्याला पोर्टलंड हे नाव दिलं, कारण घट्ट झाल्यावर ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं. (त्याचं सिमेंट आजच्याहून बरंच कमी भाजलेलं होतं, पण नाव टिकलं.) भट्टीत घातलेल्या उष्णतेतला थोडा वाटा त्या पुडीत दबून बसलेला असतो आणि पाण्याची वाट बघतो.

पाणी घालताच पहिली काही मिनिटं जोरात हालचाल होते, आणि मग सिमेंट झोपतं. एक-दोन तास काहीच घडत नसल्यासारखं. ही झोप नसती तर एकही स्लॅब ओतता आला नसता, माल घमेल्यातच दगड झाला असता. इतकं सोयीचं हे डुलकी घेणं नेमकं का होतं, यावर सिमेंटचे शास्त्रज्ञ आजही भांडतात. मग झोप मोडते, आणि प्रत्येक कणाभोवती सूक्ष्म तंतूंचं, पापुद्र्यांचं जाळं वाढायला लागतं. शेजारच्या कणाचं जाळं त्यात गुंततं. ते वाळून घट्ट होत नाही, गुंतून घट्ट होतं. म्हणूनच काँक्रीट पाण्याखालीही तितकंच आनंदाने दगड होतं, आणि म्हणूनच मिस्त्री लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले की स्लॅबला पाणी मारा. पाणी संपलं की वाढ थांबली. हे जाळं इतकं बारीक असतं की पाण्याच्या वाफेने मोजलं तर एका ग्रॅममध्ये जवळपास २०० चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. नखावर मावेल एवढ्या तुकड्यात दोन हजार चौरस फुटांचा फ्लॅट!

त्या रात्री अकरा वाजता मी खाली जाऊन गोणपाटाखाली हात घातला. चहा संपल्यावर कपाला राहते तेवढी ऊब होती. भट्टीतली उष्णता परत येत होती.

आणि या सगळ्या व्यवहारात एक जोडमाल सुटतो. सिमेंटमधला मुख्य क्षार पाण्याशी भिडून जाळं विणतो, तेव्हा त्याच्याजवळचं कॅल्शियम जास्तीचं उरतं. ते विझवलेल्या चुन्याच्या रूपात बाहेर पडतं. पानाच्या डब्यातला चुना तोच हा. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये त्याचा वाटा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. आईच्या हळदीला भेटला तो हाच. गोणीत नव्हता, पाण्यात नव्हता, ओट्याने तो स्वतः तयार केला होता.

मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग राखेचं सिमेंट घ्यायचं होतं." पुन्हा त्यांचं बरोबर. चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी राख मिसळलेलं सिमेंट सावकाश घट्ट होतं, पण ती राख हा सुटा चुना खात जाते आणि त्याचंही जाळं विणते. रोमन लोक हेच व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या ज्वालामुखीच्या राखेने करत. मी घाईत होते, ५३ आकड्याची गोणी आणली. गोणीवरचा तो ५३ म्हणजे काय, हे मी कितीतरी वर्षं विचारलंच नव्हतं. २८ दिवसांनी एका चौरस मिलिमीटरवर निदान ५३ न्यूटन दाब सोसेल असा त्याचा अर्थ. एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, पाच क्विंटलहून जास्त.

स्वयंपाकघराचा आणि सिमेंटचा आणखी एक जुना हिशोब आहे, साखरेचा. सिमेंटच्या वजनाच्या हजारात एक भाग साखर पडली तरी ते घट्ट व्हायला कितीतरी उशीर होतो. एका गोणीला ५० ग्रॅम, म्हणजे दहा कप चहाची साखर. खात्री करायला मी दोन कागदी कपांत सिमेंट कालवलं आणि एकात चिमटीत मावतील एवढे साखरेचे दाणे टाकले. सकाळी एक कप खडखडीत झाला होता, दुसऱ्यात चमचा सहज फिरत होता. आणि आपले जुने गवंडी चुन्याच्या घाणीत मुद्दाम गूळ घालायचे! चुन्याला जो गोडवा मानवतो तो सिमेंटला मानवत नाही. तेव्हा काम चालू असताना मिस्त्रींचा चहा घमेल्यापासून लांब ठेवलेला बरा.

सातव्या दिवशी साचा उघडला. चौघांनी पान उचललं, आडवं नाही, काचेसारखं उभं धरून. काँक्रीट दाबायला राक्षस, ताणायला पापड. दाब जेवढा सोसतं त्याचा दहावा हिस्साच ताण सोसतं. आडवं धरलं तर मधोमध वाकून खालच्या अंगाला तटकन चिरेल. त्यासाठीच आत सळया असतात. सळई आणि काँक्रीट यांचं लग्न जुळतं ते एका योगायोगावर. उन्हात दोघेही जवळजवळ सारखेच फुगतात, अंशाला लाखात एक भाग. लोखंडाऐवजी अॅल्युमिनियम घातलं असतं तर ते दुप्पट फुगलं असतं, आणि घरोघरचे स्लॅब एव्हाना चिरले असते. दुसरा गुणही जुळतो. चुन्याच्या अल्कलीत लोखंडावर एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि ते गंजत नाही. म्हणजे हळद लाल होणं हे सळईच्या दृष्टीने सौभाग्याचंच लक्षण.

पॉलिश करताना वरची साय घासली गेली आणि खडीचे ठिपके उघडे पडले, काळे, मधूनच हिरवट. आपल्याकडची खडी म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहिलेला. डायमंडच्या चकत्या जाडसरापासून बारीकपर्यंत बदलत गेलो आणि पोळपाटाएवढ्या जागेत सह्याद्रीचे शेकडो तुकडे चमकायला लागले. पाणी सोडतच घासायचं, आणि तोंडाला मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. ओल्या सिमेंटला हातमोजेही हवेत. मी पहिल्या दिवशी ते घातले नाहीत, तर आठवडाभर बोटांच्या भेगांत मीठ झोंबत होतं.

नंतरचे दिवस, म्हणजे याच्यासोबत राहणं.

लिंबाची अर्धी फोड रात्रभर ओट्यावर उपडी राहिली. सकाळी तिथे गोल, निस्तेज चकती. बोट फिरवलं तर खरखरीत. सिट्रिक आम्लाने चुना आणि सिमेंटचं जाळं दोन्ही खाल्लं होतं, पण त्या चकतीत बेसाल्टचे ठिपके मात्र पूर्वीसारखेच चमकत होते. जणू ओहोटीत खडक उघडे पडावेत. चिंच, आमसूल, दही, टोमॅटो, सगळ्यांचं हेच. आईच्या जुन्या कडप्प्याकडे मग मी नव्या नजरेने पाहिलं. सांडगी मिरचीला लिंबू पिळायची तिची जी जागा, तिथे काळा दगड पांढुरका पडलेला. चुनखडीच ती. चाळीस वर्षं तिथे हेच चाललं होतं आणि आम्ही त्याला "जुना झाला" म्हणत होतो.

सीलरबद्दल सगळे विचारतात, आणि उत्तर फारसं सुखाचं नाही. दगडात मुरणारे सीलर पाणी अडवतात, लिंबू नाही. वरून पापुद्रा धरणारे लिंबू अडवतात, पण कुकर तसाच ठेवला की चट्टा उठतो. काँक्रीटला गरम भांड्याचं फारसं काही वाटत नाही, सोसत नाही ते वरच्या लेपाला. मेण सुंदर दिसतं आणि काही महिन्यांत पुन्हा लावावं लागतं. मी मुरणारा सीलर आणि वर मेण असा मार्ग धरला. ज्याला डाग बघवत नाही त्याने ग्रॅनाइटच घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. हळदीच्या डागाची काळजी मात्र मी सोडली. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. आमची खिडकी पूर्वेला आहे, उन्हाच्या पट्ट्यात आलेला डाग चार-सहा दिवसांत फिका होतो.

सिंकच्या आतल्या कोपऱ्यातून एक चीर निघाली, केसाएवढी. चूक माझीच. अशा कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि तिथे तिरपी सळई टाकायला हवी होती. पण ती चीर दीड वर्षात लांबली नाही, उलट सिंककडच्या ओल्या भागात बुजत आली. तिच्यात पांढरी रेघ धरली आहे. आतला चुना पाण्याबरोबर बाहेर येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि तिथेच चुनखडी होऊन बसतो. दिवाळीला भिंतीला दिलेला चुना दगडासारखा घट्ट होतो तो असाच. चुनखडी भट्टीत जाते तेव्हा हाच वायू बाहेर सोडते. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे, तो भट्टीच्या इंधनाचा आणि या वायूचा मिळून. ओटा त्यातला थोडासाच, आणि फार सावकाश, परत घेतो. एक पातळ थर, बाहेरून आत सरकणारा.

तो थर बघता येतो. इंजिनिअर लोक जुन्या पुलाचा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फथॅलिन शिंपडतात. जिथे चुना शाबूत तिथे गुलाबी, जिथे त्याची चुनखडी झाली तिथे बिनरंगी. ओटा ओतला त्या दिवशी उरलेल्या मालाची एक वडी मी पाडून ठेवली होती. न पॉलिश केलेली, न सीलर लावलेली, खिडकीत कुंडीखाली पडलेली. दोन वर्षांनी ती उचलली, पुसली आणि तिच्यावर हळदीचं पाणी टाकलं. पिवळंच राहिलं. मग फडक्यात गुंडाळून तिचे हातोड्याने दोन तुकडे केले आणि ताज्या फुटलेल्या अंगावर तेच पाणी सोडलं. मधला सगळा भाग हळूहळू लाल होत गेला. कडेने नखाच्या जाडीची पिवळी किनार तेवढी तशीच राहिली.

आईने तो तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "ही किनार वाढेल ना? दुसरा अर्धा ठेवून दे."